खेळाडूच्या मोबाइलमधला ‘आयडी’ : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो, विद्यापीठाच्या संघांबरोबर फिरतो. मुलं ‘सट्टा’ म्हणत नाहीत. ‘सर, त्याच्याकडे आयडी आहे’ एवढंच सांगतात. टेलिग्रामवर कुणीतरी लॉगिन देतो, पैसे यूपीआयने जातात आणि पुढच्या ओव्हरमध्ये किती रन निघतील यावर शंभर-दोनशे लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला, ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा गुंडाळल्या. (भारतीय संघाच्या छातीवर तेच नाव होतं तोवर आम्ही पोरांना कोणत्या तोंडाने सांगणार होतो?) आयडीवाले मात्र कायद्याला विचारून धंद्यात आलेच नव्हते.

कबड्डीपटूने आयपीएलवर दोनशे लावले तर बिघडलं कुठे, असं मुलं विचारतात. अमेरिकेत एनसीएएने, म्हणजे तिथल्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेने, ऑक्टोबर २०२५ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंना व्यावसायिक सामन्यांवर पैसे लावायची मुभा दिली होती. शिक्षेच्या धाकाने मुलं लपवतात, मदत मागत नाहीत, हा मुभेच्या बाजूचा मुद्दा काही अगदीच टाकाऊ नव्हता. तरी महिन्याभरात तिथल्या पहिल्या श्रेणीतल्या (डिव्हिजन वन) दोन तृतीयांशांहून अधिक सदस्य संस्थांनी मत देऊन ती लागू होण्याआधीच रद्द केली.

माझं मत मनाईच्याच बाजूचं आहे, आणि सगळ्या खेळांवर. कारण नीतीचं नाही, उधारीचं आहे. आयडीवाला आधी खेळवतो, मग हिशेब मांडतो. बारा हजार थकलेल्या पोराकडे तो पैसेच मागेल असं नाही. ‘कॅप्टनचा गुडघा बरा झाला का? उद्या ओपनिंगला कोण?’ एवढ्यावरही त्याचं भागतं. विद्यापीठाच्या मॅचवर कोण पैसे लावणार, असं म्हणू नका. २०२२ मध्ये गुजरातेत मोलीपूरच्या शेतात मजुरांना जर्सी घालून खोटी आयपीएल यूट्यूबवर दाखवली, त्यावर रशियातले लोक पैसे लावत होते. सट्टा कायदेशीर करा म्हणणाऱ्या, क्रिकेटच्या कारभारासाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीनेही खेळाडूंना त्यातून बाहेरच ठेवलं होतं.

दरवर्षी मी ज्या पात्रता अर्जांवर सह्या करतो त्यात जन्मतारीख, गुणपत्रिका, सगळं असतं. सट्ट्याबद्दल एक ओळ नाही. ती घाला, साध्या मराठीत. अडकलेला मुलगा स्वतःहून पुढे आला तर पहिल्या वेळी बंदी नको, समुपदेशन द्या आणि वसुलीवाल्यापासून पोलिसांचं संरक्षण द्या. संघातली माहिती विकणाऱ्याला मात्र दया नको. सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण खेळाच्या प्रमाणपत्रांवर मिळतं, हे त्यालाही ठाऊक असतं. आणि राज्यातल्या विद्यापीठांच्या पुढच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवाआधी प्रत्येक विद्यापीठाच्या शिबिरात सायबर पोलिसांचा एक माणूस तासभर पाठवा. आमच्यापेक्षा त्याचं ऐकतील.

‘हा विषय आमच्या खात्याचा नाही’ असं उत्तर येईल हे धरून प्रत उच्च शिक्षणमंत्र्यांनाही पाठवली आहे.

आपला,
एक क्रीडाशिक्षक