एका रिकाम्या टाचणीबद्दल आभार

प्रिय मिस,

मुलं तुम्हाला याच नावानं हाक मारायची, म्हणून मीही. इंग्लंडमधल्या तुमच्या शेफील्डमधली माझी भाची हे पत्र तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवेल. मी स्वतः इंग्रजीत लिहायला बसले की ‘थँक यू’च्या पुढे गाडी सरकत नाही, आणि ते तर तुमच्याकडे बसमधून उतरताना ड्रायव्हरलाही म्हणतात.

तुमच्याआधी दुसऱ्या गावातल्या एका शाळेत मी दोन आठवडे काढले. गळ्यात ‘पाहुणे’ लिहिलेली पट्टी, वर्गात मागे भिंतीला लागून खुर्ची, हातात चकचकीत फाइल. मुलं प्रकल्पातून कशी शिकतात ते बघायला मी आले होते, आणि मला सांगितलं काय, तर साडी नेसून या, रांगोळी काढा, फोटो घ्यायचेत! काढली. चांगली आली होती, ते सोडा.

तुमच्या वर्गातली नऊ-दहा वर्षांची पोरं १८६४च्या पुराच्या मागे लागली होती. ११ मार्चच्या रात्री डेल डाइकचं नवंकोरं मातीचं धरण पहिल्यांदाच भरताना फुटलं, लॉक्सलीच्या खोऱ्यातून पाणी झोपलेल्या शेफील्डवर आलं, सुमारे २४० माणसं गेली. ऐकता ऐकता माझ्या पोटात खड्डा पडला. आमचं पानशेत! १२ जुलै १९६१. तेही मातीचं, तेही पहिल्यांदाच भरत होतं. पाठोपाठ खालचं खडकवासलाही गेलं. जवानांनी वाळूची पोती रचून पानशेतचं धरण सकाळपर्यंत तगवलं, म्हणून पुणं निदान जागं तरी होतं. माझी आई तेव्हा नारायण पेठेत, अकरा वर्षांची. पुढे आयुष्यभर तिनं रेशनकार्ड आणि दागिने खालच्या कपाटात कधी ठेवले नाहीत, माळ्यावरच.

हे मी चहाच्या सुट्टीत सहज बोलून गेले. तुम्ही कागद पुढे केलात, म्हणालात, काढून दाखवा.

मी नकाशा काढला. वाटलं, बाईंचा नकाशा म्हणजे फळ्याच्या वर, मानाच्या जागी लागणार. तुम्ही तो दोन मुलांच्या चित्रांच्या मधे, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलात. कोपऱ्यात ‘१’ लिहिलंत. आणि शेजारी मोकळी जागा सोडून तिथे नुसतीच एक टाचणी टोचून ठेवलीत, माझ्या दुसऱ्या नकाशासाठी. एक शब्द बोलला नाहीत.

अहो, पाहुण्याला पाट-रांगोळी कुणीही करतं. पंगतीत जरा सरकून ‘बसा इथे’ म्हणणारी माणसं थोडी असतात, आणि जिथे असतात तिथे परक्या गावातही जेवण गोड लागतं.

मग मुलांची पाळी. बोलायचं ते प्रेमानं, नेमकं आणि समोरच्याच्या उपयोगाचं, हा तुमच्या वर्गाचा नियम. दातांना तार लावलेली ती मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “रंग छान आहेत. पण पाणी कुठून कुठे जातं ते कळत नाही. बाण नाहीत.” वीस वर्षं भूगोल शिकवते हो मी!

आमच्याकडे प्रकल्प म्हणजे रात्री दहाला आठवतो. मग बाबा थर्माकोल कापतात, आई चित्रं चिकटवते, आणि सकाळी मी दहापैकी दहा देते, कुठली आई जागली ते अक्षरावरून ओळखूनसुद्धा. गांधीजींनी हातानं काम करत शिकायची नई तालीम मांडली ती १९३७ साली, आमच्याच वर्ध्यात. डी.एड.ला ती आम्ही पाठ केली होती. पाच मार्कांना.

भाचीबरोबर चौथा नकाशा पाठवते आहे. बाण आहेत. लकडी पूल अजून वाकडाच आलाय. त्या मुलीला विचारा, चालेल का.

तुमची,
पुण्याच्या बाई