आजीची देवळी आणि सहा डिसेंबर

मा. संपादक,
सप्रेम जयभीम.

परवाच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, सहा डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, दादरला गर्दी होते, लोकलमधे शिरता येत नाही, बाहेरगावचे लोक फुकट गाड्या भरून येतात वगैरे. दरवर्षी हे पत्र येतंच, फक्त खालचं नाव बदलतं. मी नागपूरचा, म्हणजे त्या बाहेरगावच्या लोकांतलाच एक. चिडून उत्तर लिहायला बसलो खरा पण आजीच आठवत राहिली, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो, जमलं तर छापा.

आजीचं माहेर उमरेडकडचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा दिली तेव्हा, ती बारा वर्षांची होती. पांढरे कपडे घालून या असा निरोप होता आणि घरात पांढरं काय तर बापाचं जुनं धोतर, ते फाडून तिच्या आईनं रात्रीतून तिला परकर शिवला. पायी आले सगळे, भाकरी-चटणी बांधून. श्रद्धानंद पेठेजवळच्या त्या मैदानात, म्हणजे आताच्या दीक्षाभूमीवर, तिला बाबासाहेब काही दिसले नाहीत, पुढे मोठ्या माणसांच्या पाठीच पाठी. लाऊडस्पीकरवर एकेक प्रतिज्ञा यायची आणि शेजारी बाप इतक्या जोरात म्हणायचा की तिला भीती वाटली, कारण बापाचा एवढा मोठा आवाज तिनं त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. पाटलाच्या वाड्यासमोर तो हळू बोलायचा ना.

घरी आल्यावर बापानं देवळीतले, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यातले देव टोपलीत भरले आणि नाल्यात सोडून आला. आईनं मात्र चांदीचा एक टाक, म्हणजे पत्र्यावर कोरलेला देव, लुगड्याच्या ओच्यात लपवला. आजीनं ते बघितलं होतं, बापाला कधी सांगितलं नाही. पुढे तो टाक आजीकडे आला आणि तिनं सरळ सराफाकडे मोडून माझ्या आत्याच्या डीएडची फी भरली. देव गेल्यावर रिकाम्या देवळीत पाटी-पेन्सिल आली होती, आजीच्या सासरच्या घरीही तीच पद्धत, देवळी म्हणजे पुस्तकं, मार्कशीटा, रेशनकार्ड. हात धुतल्याशिवाय तिथे हात घालायचा नाही.

आजीला अक्षरओळख नव्हती हे आधी सांगायला हवं होतं. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचं वाचन व्हायचं आणि नंबर आम्हा नातवंडांचे लागायचे. मी सातवीत असेन, टीव्हीवर मॅच चालू, हळूच दोन पानं एकदम उलटली. आजी डोळे मिटून भिंतीला टेकलेली. तशीच म्हणाली, "पोट्ट्या, पान सोडलं नं तू?" ऐकून ऐकून सगळा ग्रंथ पाठ होता तिचा, मग पहिल्यापासून वाचायला लावलं. मॅच गेली.

आजोबा थोडी घ्यायचे. भांडण वगैरे नाही करायची ती, पण रोज पंचशील म्हणताना पहिली चार शीलं नेहमीच्या आवाजात आणि पाचवं, दारू न पिण्याचं, सुरामेरयमज्ज, एकदम वरच्या पट्टीत, आजोबांकडे बघत. आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो. पूर्ण सुटली नाही त्यांची, कमी झाली एवढं नक्की.

ती सगळ्याच बाबतीत कडक होती असंही नाही. धाकट्या भावाला कांजिण्या आल्या तेव्हा शेजारची म्हातारी "देवी आली, मरीमायला नारळ द्या" म्हणत होती, आजीनं तिला वाटेला लावलं, भावाला डॉक्टरकडे नेलं, पण परत आल्यावर उशाखाली कडुनिंबाचा पाला ठेवलाच. विचारलं तर म्हणे, वास चांगला असते.

आता त्या फुकट प्रवासाबद्दल. बिनतिकीट येणारे असतात, खोटं कशाला बोलू, मीच कॉलेजात असताना एकदा तिच्यासोबत सेवाग्राम एक्स्प्रेसमधे तसाच चढलो होतो. तिच्याकडे तिकीट होतं, नेहमीच असायचं. माझ्याकडे नाही हे वर्ध्याला कळलं तिला. "बाबासाहेबाच्या दर्शनाले चोरी करून चालला काहून?" एवढंच म्हणाली आणि इगतपुरी येईपर्यंत बोलली नाही, भाकर पण दिली नाही. समोरच्या बाईनं दिली मला. शिवाजी पार्कात रात्र काढायची, सकाळी लाइनीत तासन् तास उभं राहायचं, चैत्यभूमीवर डोकं टेकवायचं आणि मग पुस्तकांचे स्टॉल. दरवर्षी एक पुस्तक घ्यायची, स्वतः निवडायची, वाचता येत नसताना. दुकानदाराला विचारायची, पोरांच्या कामाचं आहे का, आणि किंमतीवरून घासाघीस भाजीवालीशी करावी तशी. कधी कधी फसायची पण, एका वर्षी रेडिओ दुरुस्तीचं पुस्तक आणलं होतं. ते काकानं वाचलं आणि पुढे बरीच वर्षं त्यावर त्याचं दुकान चाललं, तर फसली म्हणावं की नाही कोण जाणे.

२०१९ ला आजी गेली. घर नवीन बांधलं, देवळी राहिली नाही, हॉलमधे काचेचं शोकेस आहे, त्यात पुस्तकं आहेत पण वायफायचं राउटर पण तिथेच ठेवलंय, तिनं बघितलं असतं तर ऐकून घ्यावं लागलं असतं.

यंदा मुलीला घेऊन चार तारखेच्या रात्रीच्या गाडीनं निघतोय. तिकिटं काढलीत, दोन्ही. त्या पत्रलेखकांनी गर्दीमुळे सुट्टी टाकलीच असेल तर पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलकडे यावं, चहा आमच्याकडून.

आपला,
एक वाचक, नागपूर