‘उपाशी पोटी या’ एवढं तरी मराठीत लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत ॲसिडिटीवरचे घरगुती उपाय वाचले, ओवा, जिरं, थंड दूध वगैरे. चुकीचं काही नाही, आमच्या घरी पण तेच चालतं, पण माझ्यासारख्या माणसाला ते वाचून डॉक्टरकडे जायचं अजून सहा महिने पुढे ढकलायला निमित्त मिळतं, म्हणून लिहायला बसलो.

मी अंबड एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, वय ५२. गुडघा दुखतो म्हणून पेनकिलर, पेनकिलरने जळजळ होते म्हणून गॅसची गोळी, असं दोन वर्षं मेडिकलवाल्याच्या भरवशावर चाललेलं. ती गोळी पण मी चहा-बिस्किटानंतर घ्यायचो, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते हे कोणी सांगितलंच नाही आणि मीही विचारलं नाही. दिवाळीनंतर जिना चढताना धाप लागायला लागली, म्हटलं वय झालं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, संडासचा रंग कसा आहे? मी गप्प. बायको शेजारी बसलेली. तीन आठवडे डांबरासारखी काळी, चिकट होत होती आणि मी घरात कोणाला बोललो नव्हतो, आता हे कोण कोणाला सांगतं! जठरात रक्त झिरपलं की ते पचत पचत काळं होतं, लाल दिसतच नाही. लोहाच्या गोळ्या चालू असल्या तरी काळी होते म्हणा, पण मला तर त्या गोळ्या चालू नव्हत्या. हिमोग्लोबिन ७.८ निघालं.

मग दुर्बिणीची तपासणी, म्हणजे तोंडातून नळी. रात्रभर झोप नाही, प्रत्यक्षात घशात बधिर करायचा स्प्रे मारला, पाच-सात मिनिटांत काम झालं, दोन-चार उमासे आले एवढंच. अल्सर होता, आणि एच पायलोरी नावाचा जंतू पण सापडला. १४ दिवस ॲन्टिबायोटिक, पेनकिलर बंद. शेजारचे सगळे म्हणाले मिसळ सोड आता! तर डॉक्टर हसले, म्हणाले तिखटाने त्रास वाढेल, पण अल्सर बहुतेक वेळा या जंतूने नाहीतर पेनकिलरने होतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलने १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन पोटाला सूज आणून दाखवली, २००५ साली त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. आणि आपण नाशिककर अजून काळ्या रश्श्यावर आळ घेतोय.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. त्या दिवशी माझ्या आधी पेठ तालुक्याकडचे एक म्हातारे बाबा होते, पहाटेच्या एसटीने मुलाबरोबर आलेले. त्यांना आत घेतलंच नाही कारण बाबा स्टॅन्डवर पोहे खाऊन आले होते. हातातल्या कागदावर इंग्रजीत छापलं होतं एनबीएम. मुलाला वाटलं ते डॉक्टरांच्या डिग्रीचं काहीतरी असेल. एनबीएम म्हणजे तोंडाने काही घ्यायचं नाही, जठरात अन्न असलं तर आतलं दिसत नाही आणि उलटी होऊन ते फुफ्फुसात जायची भीती असते, इतकी महत्त्वाची गोष्ट आणि ती तीन इंग्रजी अक्षरांत! हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण मी चौकशी केली तर बाकी दोन ठिकाणी पण कागद इंग्रजीतच निघाला.

मोठ्या भावाचंही तेच. दोन वर्षं मूळव्याध मूळव्याध म्हणून मलम लावत होता, शेवटी मोठ्या आतड्याची तपासणी केली, त्यात एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, निघाला, तिथल्या तिथे काढला. असे काही पॉलिप वर्षानुवर्षं राहिले तर कॅन्सर होऊ शकतो. पण आदल्या रात्री दोन लिटर पाण्यात पावडर घालून प्यायची, संडासला पिवळं स्वच्छ पाणी यायला लागेपर्यंत आतडं साफ व्हायला पाहिजे, हे त्याला नीट माहीतच नव्हतं, कारण त्याचाही कागद इंग्रजीत, त्याने अर्धंच पिऊन बाकीचं बेसिनमध्ये ओतलं कारण चव खारट लागली. पुन्हा तारीख, पुन्हा रजा, पुन्हा ती पावडर.

तर विनंती एवढीच, पुरवणीत अर्धं पान या तपासण्यांना द्या. पाणी कधीपर्यंत चालतं, शुगरची आणि रक्त पातळ करायची गोळी कोणाला विचारून बंद करायची (मनाने अजिबात नाही), भूल दिली असेल तर सोबत माणूस का लागतो आणि त्या दिवशी गाडी का चालवायची नाही. आणि गिळताना अडकणं, वजन आपोआप उतरणं, रक्ताची उलटी, काळी संडास, यातलं काही असेल तर ओवा खात बसू नका हे मोठ्या अक्षरात.

माझ्या भावाचा तो इंग्रजी कागद माझ्या मुलीने मराठीत लिहून काढलाय, सोबत जोडतोय. आमच्या डॉक्टरांनी एकदा वाचलाय, तुम्ही अजून एखाद्या पोटाच्या डॉक्टरांना दाखवा आणि मगच छापा. कंपनीच्या नोटीस बोर्डावर मी तो लावला होता, दुसऱ्या दिवशी कोणीतरी काढून नेला, बहुतेक घरी न्यायलाच.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक