भांडणाशिवाय कसला कॅरम?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत मुलांना सुट्टीत मोबाइलपासून लांब कसं ठेवायचं यावर लेख होता आणि त्यात एक चौकट होती बैठ्या खेळांच्या फायद्यांची. एकाग्रता वाढते, स्मरणशक्ती वाढते, गणित सुधारतं, संयम येतो. मला तर च्यवनप्राशच्या डब्यावरचं लेबलच वाचतेय असं वाटलं. अहो, कॅरम खेळून संयम आलेला एक तरी माणूस दाखवा हो मला. माझे दीर बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाले, एरवी इतका शांत माणूस की रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून सुद्धा हुज्जत घालणार नाहीत, पण गेल्या दिवाळीत राणी कव्हर झाली की नाही यावरून फराळाची बशी सरकवून उठले होते. चकली तशीच राहिली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दारात हजर, वहिनी, बोर्ड काढा म्हणून.

मी ६३ वर्षांची आहे, लहानपण सगळं मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं, आता चिंचवडला असते, आणि आजवर हे खेळ मी एकदाही फायद्यासाठी खेळलेले नाहीत. भांडायला मिळतं म्हणून खेळते. तुमच्या चौकटीत सगळं होतं, फक्त हे नव्हतं, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे कॅरम मांडला की पहिली पंधरा मिनिटं नियम ठरण्यात जायची. अंगठा चालणार का? बूड उचललं तर फाऊल का? स्ट्रायकर गेला तर एक सोंगटी बाहेर की दोन? राणीला तीन की पाच? चार क्वार्टर्स सोडून पलीकडच्या ओळीत खेळायला गेलं की हे सगळं परत पहिल्यापासून, कारण त्यांच्याकडे म्हणे काळी घेतली की पाच आणि पांढरी घेतली की दहा, आणि आम्ही त्यांना हसायचो, म्हणायचो हे काय वाण्याचं दुकान आहे का. आमच्या ओळीत अंगठा बंद होता. माझा दादा अंगठ्यानेच मारायचा, मागे आलेली सोंगटी तो अंगठ्याने अशी अलगद काढायचा की बघत राहावं, पण बिचाऱ्याला चार उन्हाळे 'रडीचा डाव' ऐकून घ्यावं लागलं. आता या वयात कळलं की इंटरनॅशनल कॅरम फेडरेशन म्हणून संस्था आहे, १९८८ साली तिकडे मद्रासला स्थापन झाली, आणि त्यांच्या नियमात अंगठा चालतो! राणीला तीन पॉइंट, २५ पॉइंटला गेम नाहीतर आठ बोर्ड, आणि स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड नको. हे शेवटचं दादाच्या विरोधात जातं म्हणा, त्याचा स्ट्रायकर म्हणजे पेपरवेट होता. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना कॅरमसाठी १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा दादा मला फोनवर म्हणाला होता, बघ, आणि आई म्हणायची पोरं वाया चाललीत.

आईचं आणि कॅरमचं भांडण वेगळंच होतं, बोरिक पावडरवरून. आम्ही बोरिक आणून ठेवायचो आणि आई त्यात कणीक आणि साखर मळून झुरळांसाठी गोळ्या करायची. डबा उघडला की बुडाशी चिमूटभर. मग आम्ही आईची टाल्कम पावडर मारायचो बोर्डवर. ज्यांनी मारलीय त्यांना माहितीय काय होतं ते, पहिले चार फटके सुळसुळीत आणि मग सगळा बोर्ड चिकट, स्ट्रायकर अर्ध्यातच थांबतो आणि घरभर मोगऱ्याचा वास. बोर्ड तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेवायचा, वर वायरला लोंबता बल्ब, त्याला पुठ्ठ्याची टोपी म्हणजे उजेड डोळ्यात न जाता बरोबर बोर्डवर. त्या उजेडात बसलेली चार डोकी आणि मागे उभे राहून फुकटचे सल्ले देणारी आठ. कट मार, रिबाउंड मार, अरे काळी कशाला उघडतोस. खेळणाऱ्यांपेक्षा मागच्यांचीच भांडणं जास्त.

आमचे आप्पा रेल्वेत होते, नाइट करून आले की दुपारी झोपायचे. मग कॅरम बंद, कारण तो टक्क आवाज भिंतीपलीकडे जातो. तेव्हा गोधडीवर लुडो मांडायचा. फासा वाटीत खुळखुळवायचा नाही, दोन्ही तळहातात धरून हलवायचा आणि गोधडीवर सोडायचा, आणि गोधडीच्या सुरकुतीत तो तिरका राहिला की हे सहा आहेत की पाच यावरून कुजबुजत भांडायचं. कुजबुजत भांडणं किती अवघड असतं ते करून बघा एकदा. हसू दाबून दाबून पोटात दुखायचं. आणि आप्पा डोळे मिटूनच आतून म्हणायचे, "परत टाक म्हणावं."

हिरवी सोंगटी हरवली म्हणून तिथे शर्टचं बटण, पिवळी हरवली म्हणून चिंचोका. लहान भाऊ कच्चं लिंबू. त्याची सोंगटी मारायची नाही, आणि त्याला वाटायचं आपण काय भारी खेळतो. हा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत आहे का मला माहिती नाही, पण खेळात तर घ्यायचं आणि धरायचं मात्र नाही ही सोय ज्याने शोधली त्याला नमस्कार.

बाकी आपली भाषासुद्धा या पटावरूनच उठून आलीय. फासे उलटे पडले, डाव साधला, शह दिला, प्यादं पुढे केलं. पोबारा केला असं आपण म्हणतो ना चोर पळाला की, तो पोबारा म्हणजे मुळात सारीपाटातलं दान, फाशांवर पडणारं. माझी आजी सारीपाट खेळलेली होती, कापडाचा पट, अधिक चिन्हासारखा, आणि कवड्या. पंचवीस हे मोठं दान म्हणून पचिशी. इंग्रजांनी त्यातल्या कवड्या काढल्या, फासा घातला आणि १८९६ मध्ये लुडो नावानं पेटंट घेऊन टाकलं. सापशिडीचंही तेच, आपल्याकडे तो मोक्षपट, ज्ञानेश्वरांनी केला असं परंपरेनं सांगतात, शिड्या म्हणजे पुण्य आणि साप म्हणजे पाप. आजी आम्हाला प्रत्येक सापाला थांबवून कुठलं पाप ते सांगायची. आम्हाला फक्त ९९ वरचा तो लांबलचक मेला दिसायचा.

मोबाइलवरच्या लुडोबद्दल मी वाईट बोलणार नाही. लुडो किंग तर इथल्याच, नवी मुंबईतल्या कंपनीनं २०१६ मध्ये काढलेला, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यानं आम्हाला वाचवलं म्हणाना, रात्री नऊला नणंद नागपूरहून, भाचा जर्मनीहून, आम्ही इथून. पण चार दिवसांत लक्षात आलं की काहीतरी कमी आहे. मोबाइल फासा नीट टाकतो, घरं नीट मोजतो, तीन सहा पडले की मुकाट पुढच्याला चान्स देतो. आमची नणंद आयुष्यभर मोजायला आपण उभे असलेल्या घरापासून सुरुवात करते, किंवा करत नाही, जसं सोयीचं असेल तसं, आणि आपण बोट ठेवलं की म्हणते मी मोठी आहे की तू. मोबाइलवर ती तीन रात्री सलग हरली आणि चौथ्या रात्री म्हणाली मला झोप येतेय. तिचं कसब वापरायला जागाच नव्हती हो त्यात.

बिझनेस, म्हणजे व्यापार, हा प्रकार मला कधी फार आवडला नाही, थोडक्यात सांगते. आमच्या सेटमध्ये मुंबई ८५०० ची होती आणि ज्याला मुंबई मिळाली त्याच्याकडे बघून बाकीचे आधीच हरायचे. बँक कायम ताईकडे आणि बँकेत कायम पैसे कमी. तो मुळात मोनॉपली, आणि मोनॉपलीच्याही आधी एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकन बाईनं १९०४ मध्ये तसल्या खेळाचं पेटंट घेतलं होतं, जमीनमालक कसे गब्बर होतात आणि बाकीचे कसे बुडतात हे दाखवायला. तेवढं मात्र आम्हाला न सांगता कळलं. मोनॉपलीच्या छापील नियमात असं आहे की एखाद्यानं आलेली जागा घेतली नाही तर तिथल्या तिथे तिचा लिलाव करायचा. आमच्या अख्ख्या कॉलनीत असा लिलाव कुणी केल्याचं मला आठवत नाही. कारण सेट आणला की पहिला हरवतो तो नियमांचा कागद.

आता या मे महिन्यातली गोष्ट. तोच भाचा स्टुटगार्टहून आला तो कॅटान घेऊन. क्लाउस टॉयबर नावाच्या जर्मन गृहस्थांनी केलेला खेळ, १९९५ चा. षटकोनी तुकडे जोडून बेट मांडायचं, फासे टाकायचे, ज्या आकड्याच्या कडेला तुमचं घर तिथला माल तुम्हाला, लाकूड, विटा, मेंढ्या, गहू आणि खाणीतला दगड. दहा पॉइंट झाले की जिंकलात. भाच्यानं पाऊण तास रूल्स समजावले, माझी जाऊ सोफ्यावर जांभया देत होती, मी कुकर लावून आले तरी चालूच. मग तो म्हणाला की एकमेकांत अदलाबदल करता येते. जाऊ सरळ होऊन बसली.

आमची जाऊ म्हणजे मंडईत मेथी घेताना कोथिंबीर फुकट, आणि कोथिंबीर घेतली की मिरच्या फुकट. भाच्याला रस्ता करायचा होता आणि विटा सगळ्या हिच्याकडे.

"काकू, एक वीट द्या, दोन मेंढ्या घ्या."

"दोनात काय होतंय? आठ पत्ते घेऊन बसलायस, सात पडला की निम्मे जाणार तुझे. तीन दे आणि वर गहू टाक."

"वर टाक असं नसतं काकू यात!"

"का? रूलमध्ये लिहिलंय नाही चालत म्हणून?"

त्यानं खरंच पुस्तक उघडलं. लिहिलेलं नव्हतं. एका विटेला तीन मेंढ्या आणि एक गहू असा सौदा झाला आणि पोरगा स्वतःच्याच खेळात सहा पॉइंटवर राहिला. जाऊ दहा. शेवटी दरोडेखोराचा ठोकळा, तो जिथे बसतो तिथला माल बंद, माझ्याच खाणीवर ठेवून मला म्हणते, राग मानू नका हं वहिनी, नाही ठेवला तर तुम्ही पुढे जाताय. लग्नाला ३४ वर्षं झाली आमच्या दोघींच्या, एवढं खरं ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली असेल.

मुलं म्हणाल तर त्यांना यातलं काही नवीन शिकवायला लागत नाही. आमच्या सोसायटीतली पोरं दुपारी जिन्यात बसून चेस खेळतात, त्यातला एक आजोबांकडून शिकलाय, देशी पद्धतीनं, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, आणि दुसरा क्लासला जाऊन, तो दोन घरं टाकतो. दोघंही बरोबर आणि दोघंही रडवेले. परवा मी भाजी घेऊन वर येत होते तर मला अडवून निवाडा मागितला. मी म्हटलं मला बाई किल्लेकोट पण धड जमत नाही, तुमचं तुम्ही ठरवा, आणि दहा मिनिटांनी त्यांनी ठरवलंच, आज आजोबांचा नियम, उद्या क्लासचा.

आणि हे जिन्यात का, तर सोसायटीच्या हॉलमध्ये कॅरम आहे, चेस आहे, सगळं आहे, कपाटात आहे. कपाटाला कुलूप. किल्ली मागायला गेलं की उद्या या. हॉलच्या दारावर कागद लावलाय, 'येथे खेळताना आवाज व भांडण करू नये'. कॅरम, आणि आवाज करू नये! मी कमिटीच्या मीटिंगला हा विषय काढला तर म्हणाले मॅडम, मागच्या वर्षी दोन ज्येष्ठ नागरिकांची जुंपली होती. अहो मग जुंपू दे की. दिवसभर घरात एकटे बसलेले असतात, कुणी वाद घालायला पण नसतं त्यांच्याशी.

तर संपादक महाशय, माझी एकच विनंती आहे. पुढच्या पुरवणीत फायद्यांची चौकट नको, त्याऐवजी वाचकांकडून घरचे नियम मागवा. कुणाकडे अंगठा चालतो, कुणाकडे एक पडला तरी लुडोची सोंगटी सुटते, कुणाकडे फासा कॉटखाली गेला तर काय करतात. सांगलीत एक असेल, नागपूरला दुसरं, पणजीत तिसरंच काहीतरी. छापून तर बघा, पत्रांचा ढीग पडेल तुमच्या टेबलावर आणि निम्मी पत्रं उरलेल्या निम्म्यांना चूक म्हणणारी असतील.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
चिंचवड, पुणे

ता.क. – पत्र टाकायच्या आधी भाऊजींना वाचून दाखवलं. दिवाळीच्या भांडणाचा निकालही दाखवला, फेडरेशनच्या नियमाप्रमाणे राणी आणि आपली सोंगटी एकाच फटक्यात गेली तर राणी कव्हर झाली असं धरतात, म्हणजे मी बरोबर होते. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वहिनी, ते त्यांच्या फेडरेशनमध्ये." शनिवारी परत बोर्ड मांडतोय. बोरिक आणायला त्यांनाच पाठवलंय.