ओसाड खाणींची तोंडे बंद करा

महोदय,

वाळवंटातील सोडून दिलेल्या खाणीत हौसेने शिरणाऱ्यांना कळकळीने सांगावेसे वाटते, की कोरड्या हवेत तिथले लाकडी टेकू शाबूत दिसले, तरी त्यांचा भरवसा धरू नये. अशाच एका बोगद्यात माझ्या पायाखालची धुळीने झाकलेली फळी करकरली, म्हणून मागे सरून फटीतून खडा टाकला, तर तो पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. त्याहून घातक तिथली हवा : एरवी सुमारे २१ टक्के असणारा प्राणवायू कोंडलेल्या जागी १० टक्क्यांखाली गेला, तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला धावलेलाही तिथेच कोसळतो. या खाणींची तोंडे आडव्या सळ्यांच्या जाळीने बंद करावीत, म्हणजे वटवाघळांची ये-जाही अडणार नाही.

— एक वाचक