वाढता वारा आणि मळकं शीड

मुंबई, एप्रिलअखेर

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार. वारा वाढला की होडी आडवी का होते आणि शीड कसं धुवायचं, हे तू दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेस. मला ते एकच वाटतात. शिडाचं कापड ढिलं पडलं की ते मधोमध पोटासारखं फुगतं, आणि मग वारा होडीला पुढे कमी नि बाजूला जास्त ढकलतो. कापड ढिलं करण्यात वाऱ्याइतकाच हात चुकीच्या धुण्याचा असतो.

आधी वारा. दुपारी दोननंतर वायव्येचा वारा चढतो. गेटवेसमोर तो कुलाब्याच्या इमारतींवरून उतरतो, म्हणून तुटक येतो. पाण्यावर काळपट, सुरकुतलेला पट्टा सरकताना दिसला की झोत आलाच समज. वेग 8 वरून 16 नॉटवर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) गेला तर शिडावरचा जोर चौपट होतो. तेव्हा सगळीकडे पांढरा फेस दिसायची वाट पाहू नकोस, निघतानाच रीफ घे, म्हणजे शिडाचा खालचा भाग बांधून शीड लहान कर. हॅलयार्ड (शीड वर चढवणारी दोरी) सोडून शीड थोडं उतरव आणि शिडाच्या पुढच्या काठावरची कडी हुकात अडकव. मग हॅलयार्ड पुन्हा कडक ओढ, आणि शेवटी मागची कडी मागेही आणि खालीही ताण. मधल्या बारीक दोऱ्या फक्त लोंबतं कापड आवरायला असतात. त्यांच्यावर भार आला तर शीड तिथूनच फाटतं.

आउटहॉल (शिडाचा तळ मागे ताणणारी दोरी), कनिंगहॅम (पुढचा काठ खाली ताणणारी), व्हँग (शिडाखालचा आडवा दांडा खाली दाबून धरणारी) तिन्ही कडक कर, म्हणजे शीड सपाट राहील. मेनशीट, म्हणजे मोठं शीड आत-बाहेर करणारी दोरी, क्लीटमध्ये (दोरी पकडणाऱ्या खाचेत) अडकवून ठेवू नकोस, हातात धर. झोत आला की अंग बाहेर झोकून शीट वीतभर सोड आणि नाक किंचित वाऱ्याकडे घे. नुसतं सुकाणू ओढत बसलास तर होडी कलते, सुकाणूचं पातं पाण्याबाहेर येतं आणि होडी तुला न विचारता वळते. जाइब (वारा पाठीमागून घेत वळून शीड दुसऱ्या बाजूला नेणं) मात्र वेगात असतानाच कर. होडी रेंगाळली की शिडावर वाऱ्याचा पूर्ण भार येतो. धीर होत नसेल तर उलटा वळसा घेऊन टॅक कर, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून वळ. हसणारे हसू देत.

पाण्याचाही विचार कर. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या मागेपुढे पूर्ण होते, म्हणजे वारा चढतो तेव्हा ओहोटी बंदराबाहेर ओढत असते. दक्षिणेला उतरलास तर परतताना वारा आणि पाणी दोन्ही विरुद्ध. त्या दिवशी आधी वाऱ्याच्या दिशेने वर चढ, मग वाऱ्याबरोबर उतर. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) वेळी, उलट असतं. दुपारी भरती वाऱ्याच्या तोंडावर जाते आणि लाटा आखूड, उभ्या होतात.

आता धुणं. वॉशिंग मशीन आणि ड्रायक्लीन, दोन्ही नकोत. डॅक्रॉनला (शिडाच्या पॉलिएस्टर कापडाला) ताठपणा देणारा लेप त्यात निघून जातो आणि कापड धोतरासारखं लुळं पडतं. मीठ तर ठेवूच नये. त्याचे खडे शिवण कुरतडतात आणि पावसाळ्यात हवेतली ओल ओढून बुरशीला घर देतात. शीड गोड्या पाण्यात रात्रभर भिजव. मग ताडपत्रीवर पसर (सिमेंटवर नाही), कोमट पाण्यात सौम्य साबण घाल आणि मऊ ब्रश फिरव.

बुरशी असेल तर कोरडी असतानाच बाहेर झटक. मग 1 भाग ब्लीच, 10 भाग पाणी, 10 मिनिटं, आणि भरपूर धुणं. काळे ठिपके थोडे राहतीलच, घासून कापड झिजवू नकोस. स्पिनेकर (पुढचं मोठं, फुगणारं शीड) नायलॉनचा आहे, त्याला ब्लीच लागला तर तो खलासच. कड्यांभोवतीच्या गंजाला 1 लिटर पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, प्लास्टिकची बादली, हातात रबरी मोजे. हे ब्लीचमध्ये कधीही मिसळू नकोस, विषारी वायू निघतो. बंदरातल्या तेलकट डागाला टर्पेंटाइनचा बोळा टिपायचा, लगेच साबण.

वाळवायला डोलकाठीवर फडफडत ठेवू नकोस, फडफडीने लेप तडकतो. सावलीत पसर. बॅटन (शिडातल्या ताठ पट्ट्या) काढून शीड गुंडाळ, पण त्याआधी लीचची, म्हणजे मागच्या काठाची, शिवण नखाने ओरखड. उन्हाने कापडाआधी दोरा कुजतो. तो तुटत असेल तर जूनमध्येच शिवायला टाक. ऑक्टोबरात शिवणाऱ्याकडे सगळ्यांचीच शिडं पडलेली असतात.

तुझा,
अवी