पालापाचोळ्याला कचरा म्हणू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पालापाचोळा गोळा करून जाळला आणि गाव स्वच्छ झाले, अशा बातम्या दर फाल्गुनात छापून येतात. त्या वाचताना पालापाचोळ्याला ‘कचरा’ म्हटलेले खटकते, म्हणून हे पत्र.

साग पाने गाळण्यापूर्वी त्यांतील नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) यांचा बराचसा भाग फांदीत परत ओढून घेतो; चुना (कॅल्शियम) मात्र पानातच राहतो आणि पानाबरोबर जमिनीवर उतरतो. वाळलेल्या पानाच्या वजनात जवळपास निम्मा कर्ब (कार्बन) असतो. पान कुजले तर त्यातील काही भाग मातीत टिकतो. जाळले तर कर्ब आणि उरलासुरला नत्र बहुतांशी धुरावाटे निघून जातो, आणि मागे राहिलेली राख मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर नाल्याला लागते.

आमच्या धुऱ्यालगतच्या (शेताच्या बांधालगतच्या) सागाखाली हाताने थर उकलून पाहिला. वर चुरचुरणारी कोरडी पाने, त्याखाली नुसत्या शिरांची जाळी उरलेली गेल्या वर्षीची पाने, त्यांना चिकटलेले बुरशीचे पांढरे तंतू आणि तळाशी चैतातही ओलसर असलेली काळी माती. शेजारच्या जळालेल्या तुकड्यात जमीन टणक होती.

मोहफुले वेचायला सोपे जावे, बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूला नवा पाला लवकर फुटावा म्हणून जंगलात आग लावली जाते, हे आम्हा गावकऱ्यांना ठाऊक आहे. पोटाचा प्रश्न असल्याने नुसती बंदी घालून भागणार नाही. मोहाखाली झाडून पाला बाजूला सारता येतो किंवा जुनी लुगडी अंथरता येतात. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर जंगल राखण्यासाठी तेंदूपाने तोडणेच थांबवले. सगळ्या गावांना हे झेपेल असे नाही.

कोरडा पाला तसाच बांधीत (धानाच्या वाफ्यात) टाकू नये, हेही सांगायला हवे. तो कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र वापरतात आणि धान पिवळे पडते. मी एका हंगामात ही चूक केली आहे. शेणाचा काला व पाणी घालून तो खड्ड्यात मुरवावा. सागाचे पान जाड व खरखरीत असल्याने त्याला पळसाच्या पानापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो.

ग्रामपंचायतींनी स्वच्छतेचा दिवस ठरवण्याआधी गावाच्या कडेला असा एक खड्डा खोदून घ्यावा, एवढीच विनंती आहे.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर